लेबलच्या मशीनवरची दोन मिनिटं

माझ्या सासूबाई शेजारपाजारी माझी ओळख करून देताना सांगतात, "आमची सून चोऱ्या करते, पण आधी विचारून." समोरच्याचा चेहरा बघून त्या पोटभर हसतात आणि पुढचं समजावायचं काम माझ्या गळ्यात टाकून मोकळ्या होतात. त्यांचं चुकत काहीच नाही. कंपन्या मला बोलावतात, लेखी परवानगी देतात आणि म्हणतात, बाई, आमच्या कॉम्प्युटरच्या जाळ्यात शिरून दाखवा. मी शिरते, कुठून शिरले ते लिहून देते, मग ते लोक ते भोक बुजवतात. अकरा वर्षं हेच चाललंय. स्वभाव तापट आहे, बसून बसून पाठीची वाट लागली आहे, आणि एखादं दार उघडलं नाही की मला घास गिळत नाही. एवढं सोडलं तर मी साधी बाई आहे.

तर, बिस्किटांचा कारखाना. मला बोलावलं तिथल्या मॅनेजरने. पस्तिशीतला, कडक इस्त्रीचा, बोलताना पेनाचं टोपण उघडबंद करणारा. कारखान्याच्या मालकीण त्याच्या सख्ख्या मावशी. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, ऑफिसात तोही तसंच म्हणे, पण घाईत असला की तोंडातून मावशी निसटायचं.

"इथलं सगळं जाळं एकाच माणसाने उभं केलंय," तो म्हणाला. "बावीस वर्षांपासून तेच बघतात. डिग्री नाही, सर्टिफिकेट नाही. मूळचे वायरमन. पॅकिंगमधल्या बायका त्यांना वायरमामा म्हणतात."

"बरं मग?"

"मग काय, तुम्ही पहिल्याच दिवशी आत शिराल. तसं लिहून द्या. हे काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवावं असं मला वाटतं, पण मोठ्या बाई पुरावा मागतात. आणि हे वायरमामांना कळता कामा नये."

"मी शिरले तर त्यांचं काय होणार?"

टोपण दोनदा वाजलं. "निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत त्यांची. आधी घरी जातील. तेवढीच विश्रांती."

दुसऱ्याच्या विश्रांतीची परस्पर काळजी करणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो. पण काम ते काम. मी परवानगीच्या पत्रावर त्याची सही घेतली आणि तीन आठवड्यांनी लॅपटॉप घेऊन हजर झाले. विम्याच्या कंपनीकडून बाई आल्यात, असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मला बसवलं पॅकिंगच्या हॉलला लागून असलेल्या पाहुण्यांच्या खोलीत. खुर्चीला चारांतली तीन चाकं होती. भिंतीवरच्या नेटच्या सॉकेटवर चिकटपट्टी लावून सुबक अक्षरात चौदा असा आकडा लिहिलेला होता. दाराच्या फटीतून गरम बिस्किटांचा वास यायचा आणि सकाळी नऊ वाजताच भूक लागायची.

पहिला दिवस गेला. एकही दार उघडलं नाही. पाहुण्यांचं जाळं आणि कारखान्याचं जाळं वेगळं, मधे पक्का पहारा. दुसरा दिवसही तसाच गेला. जुनी मशीनं होती, पण ती एकटी बाजूला काढून ठेवलेली. पासवर्ड असे, की माझी हजारो अंदाजांची यादी वाया गेली. वायरमन म्हणे! मोठमोठ्या डिग्रीवाल्यांनी मला अशी मोकळी दारं ठेवली आहेत, की शिरताना पाय पुसायचीही तसदी पडू नये.

"आजही हात हलवत आलीस?" सासूबाईंनी दारातच विचारलं. त्या निवृत्त नर्स आहेत, चेहरा बघून रोग ओळखतात.

"शिरताच येत नाहीये."

"मग चिडतेस कशाला? एखादा पेशंट खरंच धडधाकट असतो."

त्यांच्या या बोलण्याने मी आणखीच चिडले. पण खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात बरंही वाटत होतं. मी हरले तर त्या न पाहिलेल्या माणसाची दोन वर्षं वाचणार होती. आणि मला हरायचं तर मुळीच नव्हतं. हे दोन्ही एकाच डोक्यात घेऊन झोपणं सोपं नसतं.

तिसऱ्या दिवशी सापडलं. पुड्यांवरची लेबलं छापणारं एक मशीन होतं आणि त्या मशीनवर एक छोटंसं पान. लेबलचं चित्र या पानावर चढवायचं, मशीन ते छापणार. पॅकिंगमधल्या बायका ते पान हॉलमधून वापरायच्या, आणि बाहेरून येणारा चित्रकार महिन्यातून एकदा पाहुण्यांच्या खोलीत बसून वापरायचा. त्याच्यासाठी मधल्या पहाऱ्यात या एका पानापुरती वाट ठेवलेली होती. चित्राऐवजी भलतंच काही चढवलं तर पान घेतं का, ते मी बघितलं. घेतलं की! काही विचारलंसुद्धा नाही.

मग मी दहा ओळींचा एक प्रोग्राम चढवला. आत येणाऱ्याला पहारा अडवत होता, पण आतून बाहेर निघणाऱ्याकडे त्याचं फारसं लक्ष नव्हतं. म्हणून त्या प्रोग्रामने लेबलच्या मशीनला एवढंच सांगितलं, की तूच चौदा नंबरवरच्या लॅपटॉपला फोन लाव. मशीनने लावला. माझ्या काळ्या खिडकीत एक पांढरी चौकट लुकलुकायला लागली. याला आमच्या धंद्यात शेल मिळणं म्हणतात. मशीन असतं भिंतीपलीकडे, पण मी इथे बसून टाइप केलेला हुकूम ते तिथे पाळतं. अकरा वर्षांत शेकडो वेळा मिळालं असेल, तरी दर वेळी आनंदाने वेड लागायची पाळी येते. मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले आणि नसलेल्या चाकाच्या बाजूला कलंडता कलंडता वाचले.

आणि मग मी तो हुकूम टाइप केला, जो आमच्यातले सगळेच सगळ्यांत आधी करतात. शेल मिळालं की मशीनला विचारायचं, मी कोण? आपण कोणत्या नावाने आत आलोय, आपल्याला काय काय करता येईल, ते त्यावरून कळतं. हजेरीत नाव पुकारल्यावर तोंडातून 'हजर' निघावं तसं बोटांतून ते निघतं. नव्या मुलामुलींना हे मीच शिकवते, आणि विसरले तर ओरडते.

मशीनने उत्तर दिलं, तुम्ही लेबल. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी वेळ टिपून ठेवली, स्क्रीनचा फोटो काढला, पाण्याचा घोट घेतला. पुढचा हुकूम टाइप करायला गेले तर अक्षरच उमटेना. चौकट गोठलेली. वायर सैल झाली असेल म्हणून सॉकेटपाशी वाकले, तेवढ्यात दार वाजलं.

दारात साठीच्या अलीकडचा एक माणूस उभा. गळ्यात निळ्या वायरचं वेटोळं, खिशाला टेस्टर, हातात फोन. मागे पॅकिंगमधल्या दोन दणकट बायका, डोक्याला जाळीच्या टोप्या, बाह्या वर सरसावलेल्या.

"चौदा नंबरला तुम्हीच ना?"

"हो."

"लेबलच्या मशीनला 'मी कोण' असं तुम्ही विचारलंत?"

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. परवानगीचं पत्र आम्ही कायम जवळ ठेवतो, कुणी पकडलं तर दाखवायला. अकरा वर्षांत ते दाखवायची वेळ आली नव्हती, त्यामुळे पर्समधून काढताना कंगवा आणि बसची तिकिटंही बाहेर पडली.

त्यांनी पत्र उभ्या उभ्या दोनदा वाचलं. मग बायकांना म्हणाले, "जा गं तुम्ही. यांचं रीतसर काम आहे."

"नक्की ना मामा?" एकीने माझ्याकडे रोखून बघत विचारलं.

"नक्की. जा."

त्या गेल्या. वायरमामा समोर बसले. मला राहवेना. "तुम्हाला कळलं कसं?"

"तो हुकूम मी काढून टाकलाय," ते म्हणाले. "सगळ्या मशीनवरून. त्याच्या जागी माझा बसवलाय. उत्तर बरोबरच देतो, पण जाता जाता माझ्या फोनला हाक मारतो. कुठल्या मशीनवर, कुठल्या सॉकेटवरून, सगळं सांगतो. मी तिथूनच चौदा नंबर बंद केला आणि निघालो."

"पण तोच हुकूम का?"

"इथे काम करणाऱ्याला आपण कोण ते विचारावं लागतं का ताई? सकाळी कार्ड दाखवूनच येतो की तो. मशीनला असं विचारणार तो बाहेरचाच. नऊ वर्षांपूर्वी सुचलं आणि बसवून टाकलं."

मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. दोन दिवस मी ज्याची कुलपं चाचपत होते, तो माणूस नऊ वर्षं माझ्या सवयीपाशी बसून होता.

"नऊ वर्षांत किती वेळा वाजला?"

"आज," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. "खोटं कशाला बोलू, वाजला तेव्हा आधी आनंदच झाला. चालतंय म्हटलं! मग दोघींना घेऊन धावलो." त्यांनी पत्राकडे पुन्हा बघितलं आणि उजळलेला चेहरा मावळला. "तीन आठवड्यांपूर्वीची सही आहे साहेबांची. मला सांगायचं नव्हतं म्हणजे. कामावरून काढायचंय मला."

खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं.

"ते पान मीच केलंय," ते म्हणाले. "दर लेबलला बायकांना माझ्याकडे जिने उतरून यावं लागायचं. पानावर आलंय ते चित्रच आहे का, हे तपासायचं राहून गेलं माझ्याकडून. तुम्ही लिहा तसं. सांभाळून घेऊ नका." आणि ते उठले. दुपारच्या जेवणाआधी त्यांनी पान दुरुस्त केलं, बाहेर जायची वाटही बंद केली, आणि मला पुन्हा प्रयत्न करायला लावला. मला शिरता आलं नाही. मग त्यांनी बशीभर तुकडा बिस्किटं आणून माझ्यासमोर ठेवली. स्वतः एकालाही हात लावला नाही. आपल्या बाजूने चार शब्द लिहा, असं त्या माणसाने एकदाही म्हटलं नाही, आणि त्यामुळेच माझी पंचाईत झाली.

मॅनेजर चार वाजता आला तो खुशीतच. "शिरलात ना? मी म्हटलं नव्हतं?"

"शिरले. आणि दोन मिनिटांत पकडली गेले." मी सगळं सांगितलं.

टोपण बंद झालं. "ते वगळा. शिरता येतं का, एवढंच विचारलं होतं. येतं. पुढचं तुमच्या कामात बसत नाही."

"कोणत्या वेळी काय झालं ते सगळं लिहायचं, अशी आमची पद्धत आहे."

"मॅडम, समजून घ्या. उद्या ते आजारी पडले तर? सगळं त्यांच्या एकट्याच्या डोक्यात आहे. मी तीन वर्षं कानीकपाळी ओरडतोय, मावशी... बाई ऐकतच नाहीत. तुमच्या कागदाने ऐकतील."

इथे माझं डोकं खरं फिरलं, कारण त्याचं अर्धं म्हणणं बरोबर होतं. पूर्ण चुकलेल्या माणसाशी भांडायला मजा येते. अर्ध्या बरोबर माणसाशी भांडताना मधेच थांबून विचार करावा लागतो आणि सगळा राग सांडून जातो. मी म्हटलं, उद्या सांगते, आणि पर्स उचलून निघाले.

घरी आमचे हे मटार सोलत बसले होते आणि सासूबाई त्यांनी सोललेले खात होत्या. मी कुणाचं काय ते न सांगता नुसतं विचारलं, की झालेल्यातलं अर्धंच लिहिलं तर ते खोटं होतं का?

"म्हणजे चार्टवर ताप चढला ते लिहायचं," सासूबाई म्हणाल्या, "आणि गोळी दिल्यावर उतरला ते गाळायचं? आमच्या मेट्रनने कानच उपटला असता."

"आणि ताप उतरवणारी नर्स एकटीच असेल, तिला कुणी बदली नसेल, तर?"

"मग तेही लिहायचं. ते तर आधी लिहायचं. एकटीने तीन तीन पाळ्या केल्यात मी, मला विचार."

ह्यांनी मान डोलावली. आईच्या म्हणण्यावर मान डोलवायची त्यांना जुनी सवय आहे, पण त्या दिवशी तेवढ्यानेही मला धीर आला.

मोठ्या बाई पहिलंच पान वाचतात, हे मला मॅनेजरनेच सांगितलं होतं. म्हणून सगळं पहिल्याच पानावर घेतलं. अकरा दहाला लेबलच्या पानावरून आत शिरले. अकरा बाराला पकडली गेले, कुणी आणि कसं पकडलं. आणि तिसरी गोष्ट, हा फोन एकाच माणसाच्या खिशात वाजतो. तो माणूस जागेवर नसेल तर उचलायला दुसरं कुणी नाही, आणि ही या कारखान्याची सगळ्यांत मोठी उणीव आहे. तिसरी गोष्ट मी दोनदा खोडून पुन्हा लिहिली. तेवढ्याच वाक्यावर बोट ठेवून त्या माणसाला घरी पाठवता आलं असतं. पण सांभाळून घेऊ नका, असं तोच म्हणाला होता.

शुक्रवारी मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. बाई सत्तरीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला. ओळीखाली बोट धरून सावकाश वाचत होत्या. वायरमामा खुर्चीच्या कडेवर, धुतलेला शर्ट घालून.

"बाहेरची कंपनी," बाईंनी मान वर न करता भाच्याला विचारलं, "कुणी आत शिरलं तर किती वेळात कळवणार म्हणाली होती?"

"चोवीस तासांच्या आत."

"तास?"

"तास," तो म्हणाला. टोपण वाजलं नाही.

बाईंचं बोट अकरा बारावर थांबलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला असं आणखी कुठे कुणी पकडलंय?"

"नाही. बाकीच्यांना मी आत होते हे माझ्याच रिपोर्टवरून कळतं."

"हूं." बोट खाली सरकलं. तिसरी ओळ त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. वायरमामांकडे बघायची मला हिंमत होईना.

"खरं आहे ते बाई," वायरमामाच म्हणाले. "मागच्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा चार दिवस पट्टी बांधून, फोन उशाशी घेऊन पडलो होतो. वाजला असता तर काय केलं असतं? साहेब म्हणतात त्यात तेवढं तथ्य आहे. मीच कधी माणूस मागितला नाही. आपल्याशिवाय चालत नाही, हे बरं वाटतं माणसाला."

मॅनेजरने चमकून त्यांच्याकडे बघितलं. आपली बाजू हा माणूस मांडेल, हे त्याच्या स्वप्नातही नसणार.

"मला दोघी जणी द्या," वायरमामा पुढे म्हणाले. "पॅकिंगमधल्या. त्या पानातल्या चुका आजवर त्यांनीच मला दाखवल्यात. चुका दिसणाऱ्याला शिकवायला वेळ लागत नाही."

"पॅकिंगमधल्या?" मॅनेजरच्या तोंडून निघून गेलं.

"वायरमनला जमलं ना साहेब?"

मोठ्या बाई हसल्या. चष्मा काढून त्यांनी तो साखळीवर सोडला. "दोन वर्षं पुरतील का शिकवायला?"

वायरमामांना क्षणभर कळेना. "दोन वर्षं?"

"निवृत्ती कधी आहे तुमची?"

"दोन वर्षांनी."

"तेच विचारतेय. पुरतील का?"

"पुरतील," ते म्हणाले. मग खुर्चीत नीट मागे सरकून पुन्हा म्हणाले, "पुरतील बाई."

मॅनेजर उठला आणि त्याने त्यांच्यापुढे हात केला. मला तो माणूस पहिल्यांदाच थोडासा आवडला. शिकायला कोण कोण येणार, त्यांच्या पाळ्या कशा लावायच्या, हे तो तिथल्या तिथे विचारायलाही लागला, आणि वायरमामा सोमवारी सांगतो म्हणत बाहेर पडले.

मी मागोमाग निघाले. बाहेरच्या पॅसेजमध्ये ते खिडकीपाशी उभे होते, फोन कानाला. पॅकिंगच्या हॉलमध्ये ऐकू यावा म्हणून तो एवढा मोठा करून ठेवलेला, की पलीकडून बोलणाऱ्या त्यांच्या बायकोचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. त्यांनी घरी काहीच सांगितलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

"काय झालं? या वेळेला कसा फोन केलात?"

"काही नाही गं. संध्याकाळी येतो म्हणून सांगायला केला."

"रोजच येता की."

"हो. तेच. रोजच्यासारखा येतो."

"अहो, बरं वाटत नाहीये का? तीन दिवस पोट बिघडलंय म्हणता, धड जेवलाही नाहीत."

"बरं वाटतंय," ते म्हणाले. त्यांनी खिडकीच्या चौकटीला हात टेकला. तिकडून अहो, अहो चाललं होतं. माझेही डोळे भरून आले, म्हणून मी भिंतीवरची आग विझवायची सूचना पहिल्यापासून वाचायला घेतली.

मग त्यांनी बाहीने नाक पुसलं, फोन नीट कानाला धरला आणि विचारलं, "येताना काही आणायचंय का?"